भाच्यासाठी गमीज ऑर्डर करण्याआधी मी काय बघायला हवं होतं

 

आजचा विषय घरातला आहे. एडीएचडी असलेल्या मुलांना व्हिटॅमिन, ओमेगा-३, 'ब्रेन' गमीज द्याव्यात का? मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण यात एक चूक माझी स्वतःची आहे, म्हणून हा भाग करतोय.

माझी ताई धुळ्याला असते. तिचा मुलगा आठ वर्षांचा. वर्गात एका जागी बसत नाही, वही अर्धी सोडतो, कंपास दर आठवड्याला हरवतो. घरात एकच वाक्य, "पोऱ्या आयकस नही." शाळेतून तक्रार आली, शाळेच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या की एडीएचडी असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. ताईने मला फोन केला, "जरा नेटवर बघ ना." हे काम प्रत्येक घरात आपल्याच वाट्याला येतं, हो ना? मी जळगावला बसून अर्धा तास शोधलं, स्टार बघितले आणि तीन बाटल्या धुळ्याच्या पत्त्यावर पाठवल्या. ओमेगा-३, झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन गमीज. महिन्याचा खर्च साधारण अडीच हजार.

सात महिने झाले, पोरगं तसंच. पैसे गेले ते गेले. पण त्या सात महिन्यांत कोणी डॉक्टरकडे गेलंच नाही, कारण "काहीतरी चालू आहे ना" असं सगळ्यांना वाटत होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर मी नीट वाचायला बसलो. ओमेगा-३ बद्दल २०२३ मध्ये कॉक्रेनचा आढावा आला, त्यात ३७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. निष्कर्ष काय? एडीएचडीच्या लक्षणांवर ठोस फायदा दिसल्याचा पुरावा फारच कमी. मोठ्या डोसच्या व्हिटॅमिनचा प्रयोग तर १९८४ मध्येच झाला होता. वागण्यात सुधारणा नाही, उलट बऱ्याच मुलांचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. व्हिटॅमिन ए आणि डी जास्त झालं तर लघवीवाटे सहज निघून जात नाही, शरीरात साठतं. आणि गमी गोड असते, पोरं चॉकलेटसारखी चार-चार खातात.

मग सगळंच खोटं का? नाही. इथे लोहाची गोष्ट वेगळी आहे. २००४ मध्ये पॅरिसच्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांपैकी ८४ टक्के मुलांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ३० च्या खाली निघाला. एडीएचडी नसलेल्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होतं. २००८ मध्ये त्याच गटाने फेरिटिन कमी असलेल्या २३ मुलांवर चाचणी केली. लोह दिलेल्यांत काही सुधारणा दिसली, पण सगळ्या मोजमापांत नाही. अभ्यास लहान आहेत, त्यामुळे उडी मारू नका. पण आपल्याकडे लोहाची कमतरता घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता.

भाच्याला शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी घरी आणि शाळेत तो कसा वागतो ते विचारलं, शिक्षकांकडून फॉर्म भरून घेतला आणि एडीएचडीचं निदान केलं. सोबत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन कमी! असं होऊ शकतं. हिमोग्लोबिन घसरण्याआधी साठा रिकामा होतो. आमच्या तिन्ही बाटल्यांत लोह नव्हतंच. म्हणजे लॉग न बघता मी पॅच मारत बसलो होतो.

डॉक्टरांनी वजनानुसार लोहाचं सिरप दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. घरात दोन बदल झाले. जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहाने लोह कमी शोषलं जातं. आणि पालेभाजीवर लिंबू. झोपेत पाय झाडणं कमी झालं, दुपारची मरगळ गेली. कंपास मात्र हरवतच होता. तो राहायला लागला वेगळ्या गोष्टींमुळे: एका वेळी एकच सूचना, पहिला बाक, कपाटावर दप्तराची यादी आणि नीट केलं की लगेच शाबासकी. हे ताई आणि दाजींनी डॉक्टरांकडून शिकून घेतलं. एडीएचडीचं औषध लागेल का, ते डॉक्टर बघतायत.

तर तुम्हालाही "नेटवर बघ" असा फोन आला, तर बाटली शोधण्याआधी हे बघा.

एक, निदान झालंय का? त्यासाठी लक्षणं निदान सहा महिने हवीत, आणि घर-शाळा अशा दोन ठिकाणी हवीत.

दोन, कमतरता तपासली का? कमतरता असेल ती भरून काढायची, नसेल तर जास्तीचं देऊन लक्ष वाढत नाही.

तीन, बाटलीची मागची बाजू वाचा. पूरक आहाराच्या लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

चार, बेरीज करा. शाळेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला मिळणाऱ्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं. घरी काय चालू आहे ते सगळं डॉक्टरांना सांगा. आणि लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा, लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

खर्चाची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडीचा समावेश आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला विचारा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे.

ताईने मला कधी दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "तेव्हा तू डॉक्टरचा नंबर शोधायचास ना रे." बस, आजचं एवढंच लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.