तांब्यावरचं नाव

वडील गेल्यावर आम्हा तीन भावंडांत वाटणी झाली. आईच्या जुन्या पेटीतून एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात चांदीचा एक रुपया होता आणि तांब्याचे पाच वेडेवाकडे तुकडे. रुपयावरून थोडी बोलाचाली झाली. तांबं कुणालाच नको होतं, म्हणून ते मी घेतलं.

घरी येऊन भिंग लावलं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवराई! १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडली जाणारी. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे एकाही नाण्यावर नाव पुरतं उमटलेलं नव्हतं. पाचही शेजारी मांडली, तेव्हा ते वाचता आलं.

रुपयावर फारसी अक्षरं होती. लहानपणी मशिदीत अलिफ-बे शिकलो होतो, म्हणून 'शाह आलम' एवढं लागलं. हा दिल्लीचा बादशहा. पेशवाईत मराठ्यांच्या टांकसाळींतून पडणाऱ्या रुपयांवरही बादशहाचंच नाव असे. रुपया मोजायचा सावकाराने नि व्यापाऱ्याने. मीठ, सुकी मासळी घ्यायला जाणाऱ्याच्या मुठीत असायची शिवराई. शिवाजीराजांचं नाव असं गरिबाच्या हातात राहिलं.

राज्य मात्र राहिलं नाही. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो. त्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. पुढे तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १८१२ च्या तहाने मालवण बंदरासह इंग्रजांकडे गेला. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया आणला, त्यावर विलायतेच्या राजाचा चेहरा. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यही खालसा झालं. एवढं होऊनही बाजारात शिवराई पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. भाजीवालीला तहनामे ठाऊक नव्हते. हातातलं नाणं खरं आहे, एवढं तिला कळत होतं.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण आली. वाटणीनंतर प्रथमच. जाताना म्हणाली, "भाई, त्यातली एक मला दे ना."

दिली. 'शिव'मधला 'व' त्याच नाण्यावर होता. आता माझ्याकडे चार आहेत आणि नाव अपुरं आहे. ते पुन्हा वाचायचं, तर तिला घरी बोलवावं लागेल.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)