आधी पोरीचं नाव लिहून घ्या

(पनवेल-उरण भागातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी चिरनेर येथे निवासी शिबिर झाले. पहिल्या रात्री 'अग्ली' हा हिंदी चित्रपट दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



काल रात्री सिनेमा संपल्यावर दिवे लावले, तरी बराच वेळ कोणी उठेना. मग चहा आला आणि भांडण सुरू झालं. भांडणाचा मुद्दा एकच होता, दिग्दर्शकाने आईला असं का दाखवलं? पोटची पोर हरवलेली बाई पैशाचा विचार करेल का? दोघी-तिघी तर चिडून म्हणाल्या की हा सिनेमा बायकांच्या विरोधातला आहे, शिबिरात दाखवायलाच नको होता. निवड माझी होती, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच.

ज्या आज सकाळच्या गाडीने आल्या त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अनुराग कश्यपचा हा सिनेमा २०१३ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे २०१४ च्या डिसेंबरमध्ये लागला. मुंबईतली कली नावाची दहा वर्षांची मुलगी. आईबापांचा घटस्फोट झालेला. बाप नट आहे, पण काम मिळत नाही. आईने दुसरं लग्न केलंय ते बड्या पोलीस अधिकाऱ्याशी, आणि तो बायकोच्या फोनवरही पाळत ठेवतो. ठरलेल्या दिवशी बाप मुलीला फिरायला नेतो, तिला गाडीत बसवून मित्राच्या घरी वर जातो. खाली येतो तर मुलगी नाही.

पुढचे दोन तास आपण शोध बघत असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मुलीला कोणी शोधतच नसतं. सावत्र बापाचं नवऱ्याशी कॉलेजपासूनचं वैर, त्याला तो मिटवायचा हिशेब सापडतो. मामाला, मित्राला, आणि हो, आईलासुद्धा, खंडणीच्या पैशात आपापल्या सुटकेची वाट दिसते. शेवटी कली सापडते ती मेलेली. हरवली होती त्याच भागात.

आता आईबद्दल. मला शालिनी आवडली नाही, पण ती खरी वाटली. घरात कोंडलेली, पिणारी, स्वतःच्या नावावर एक पैसा नसलेली बाई. ती देवी नाही. आणि मला हेच तुमच्यापुढे ठेवायचंय की मूल हरवल्यावर आई देवी आहे की नाही हे तपासायचं काय कारण? आपण काल रात्री चहा पिता पिता नेमकं तेच तपासत होतो. पोलीस ठाण्यातही तेच होतं. तिथे आईची परीक्षा आधी होते. ती पास झाली तर पोरीचा शोध.

पोलीस ठाण्याचा तो लांबलचक प्रसंग आठवा. गिरीश कुलकर्णींनी रंगवलेला इन्स्पेक्टर जाधव. पोरगी हरवून थोडाच वेळ झालाय, एकेक मिनिट मोलाचं आहे, आणि हा माणूस खुर्चीत रेलून विचारतोय, सिनेमातले लोक नाव का बदलतात, कास्टिंग म्हणजे काय, फोन आला की त्यावर फोटो कसा दिसतो. काल आपण हसलो त्या जागी. मीही हसले. पण तुमच्यातल्या ज्या कोणी मुलगी हरवल्याची तक्रार घेऊन कधी ठाण्यात गेल्या आहेत त्या हसल्या नाहीत, हे मी अंधारातही पाहिलं. तिथे बापाला निदान त्याच्या धंद्याबद्दल विचारतात. बाई गेली तर विचारतात, "तू कुठे होतीस?" मुलगी तेरा-चौदाच्या पुढची असेल तर, "कुणाशी बोलत होती? फोन होता का?" आणि मग ते ठरलेलं वाक्य, "येईल चार दिवसांनी, गेली असेल कुणाबरोबर."

मी हे ऐकलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी वीटभट्टीवरच्या एका कातकरी बाईबरोबर मी अशीच ठाण्यात बसले होते. कुठलं ठाणं ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी पाण्याला गेली ती आली नाही. साहेबांनी आधार कार्ड मागितलं, जन्माचा दाखला मागितला. फोटो मागितला. फोटो होता तो आश्रमशाळेचा, चाळीस पोरं आणि त्यात मागच्या रांगेत हिचं अर्धं तोंड. भट्टीच्या मुकादमाकडून उचल किती घेतली, हेही विचारलं. बाईने खरं सांगितलं, तर म्हणाले, मग तूच पाठवली असशील कुठेतरी कामाला. मुलीच्या अंगावर कपडे कोणते होते, हे त्या पहिल्या दिवशी कोणीही विचारलं नाही. गुन्हा नोंदला गेला तिसऱ्या दिवशी.

उचलीचा प्रश्न अगदी हवेतला होता असं मी म्हणणार नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यात कातकऱ्यांची मुलं मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघडकीस आलं, ते एका मुलीचा जीव गेल्यावर. ती मुलं कुठल्याच ठाण्यात हरवलेली म्हणून लिहिलेली नव्हती. पण म्हणून काय, ज्या आईबापांवर संशय येतो त्यांच्या पोरीला शोधायचं नाही? उलट अशा पोरीला तर आधी शोधायला हवं.

कायदा काय सांगतो ते आता पाठच करून टाका. १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार एफ.आय.आर. म्हणून नोंदवायची, आणि सुरुवातीला अपहरण किंवा मानवी व्यापार झाला आहे असंच धरून चालायचं. अठराच्या आतल्या मुलीबाबत ती "आपल्या मर्जीने गेली" म्हणून तक्रार परत पाठवता येत नाही. पूर्वी यासाठी भारतीय दंड विधानाचं ३६३ कलम लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७ लागतं. चोवीस तास थांबा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. हद्द आमची नाही हेही कारण चालत नाही, तक्रार घ्यायची आणि मग त्या ठाण्याला पाठवायची. नाहीच घेतली तर वरिष्ठांना लेखी, टपालाने. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती हातात आल्याशिवाय उठायचं नाही. त्याच आदेशात असंही आहे की ठाण्यात विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक असावेत आणि मुलांच्या तक्रारींवर त्यांनी लक्ष ठेवावं. आपल्या मंडळांतल्या किती जणींनी त्यासाठी नाव दिलंय? हात वर करा. असू दे, दुपारी बोलू.

कायद्यापेक्षा मला दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. ती खरी आहे आणि आपल्या मुंबईतली आहे. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक फौजदार होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे १६६ मुली हरवल्याची प्रकरणं आली. १६५ सापडल्या. राहिली ती १६६वी. जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जायला निघालेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून विचारपूस करत राहिले.

ती सापडली ऑगस्ट २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी. नऊ वर्षांनी. घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहत होती! मूल नसलेल्या जोडप्याने तिला नेलं, मध्ये काही वर्षं कर्नाटकात ठेवलं, आणि स्वतःचं मूल झाल्यावर तिला पोर सांभाळायला आणि घरकामाला जुंपलं, असा त्यांच्यावर आरोप आहे. ही कशी सुटली बघा. तिने आपली हकीकत सांगितली ती एका घरकाम करणाऱ्या बाईला. त्या बाईच्या मदतीने मोबाईलवर मुलीचं नाव आणि 'हरवली' असं टाकून शोधलं, तर नऊ वर्षांपूर्वीचं पोस्टर निघालं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. चार बंद पडलेले. पाचवा एका शेजाऱ्याचा, तो लागला. मुलगी आईला भेटली. वडील तोवर वारले होते.

वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटलं. मला त्यात चमत्कार दिसत नाही. वस्तीने पोस्टर लावलं होतं, त्यावर एक नाही पाच नंबर घातले होते, एका शेजाऱ्याने नंबर बदलला नव्हता, आणि एका मोलकरणीने परक्या पोरीचं बोलणं खरं मानलं. भोसल्यांचंही कौतुक करू या, मनापासून. पण १६५ मुली सापडतात याचा अर्थ काम म्हणून केलं तर हे काम होतं. मग बाकी ठाण्यांत का होत नाही, हा प्रश्न कौतुक करताना विसरायला नको. आणि सात वर्षांच्या मुलीला "कुणाबरोबर गेली असेल" असं म्हणता येत नाही, हाही फरक लक्षात घ्या.

आता जरा अवघड भागाकडे येते. शोधणारे आईबाप नेहमी मायेनेच शोधत असतात असं नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये वैजापूर तालुक्यात एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. तिने आपल्या पसंतीने लग्न केलं होतं. आई काही दिवस आधी तिला भेटून गेली होती. परत आली ती मुलाला घेऊन, आणि मुलगी त्यांच्यासाठी चहा करायला वळली होती. आई आणि भाऊ दोघांना अटक झाली. म्हणून आपल्याकडे जेव्हा कोणी रडत येतं, "ताई, पोरगी गेली, शोधून द्या," तेव्हा आधी तिचं वय विचारा. सज्ञान असेल तर पत्ता लागल्यावर तिला एकटीला गाठून विचारायचं, घरी जायचंय का. ती नाही म्हणाली तर तो पत्ता आपल्या तोंडून बाहेर पडता कामा नये, मग आई कितीही रडो. अज्ञान असेल तर बालकल्याण समितीपुढे न्यायचं, आणि तिथेही तिचं म्हणणं नोंदवलं जातंय ना ते बघायचं. अपहरणाचं कलम आपण एका हाताने मागतो आणि तेच कलम जात बघून प्रेम करणाऱ्या पोरांवर घातलं जातं, ही अडचण आहेच. माझ्याकडे तिचं सोपं उत्तर नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गातही कोणी दिलं नव्हतं.

मृणाल सेन यांचा १९७९ चा एक बंगाली सिनेमा आहे, 'एक दिन प्रतिदिन'. कोलकात्यातलं मध्यमवर्गीय घर मोठ्या मुलीच्या पगारावर चालतं. एका रात्री ती घरी येत नाही. ठाणं, इस्पितळ, शवागार, सगळीकडे शोध होतो. आख्खा वाडा जागा राहतो, शेजारी कुजबुजतात. पहाटे ती परत येते. आणि घरातलं कोणी आनंदाने पुढे होत नाही. ती कुठे होती हे सिनेमा आपल्याला शेवटपर्यंत सांगत नाही. मला वाटतं, जाणून घ्यायची आपली जी तडफड होते तीच सेनना आपल्याला दाखवायची होती. पुढच्या शिबिरात तो मिळवून दाखवू.

हा सिनेमा मला आठवला तो भट्टीवरच्या त्या मुलीमुळे. सात आठवड्यांनी ती सापडली, कर्जतच्या बाजूला दुसऱ्या एका भट्टीवर. मुकादमाच्या नात्यातल्या माणसाने नेली होती. मी तिला घेऊन वाडीवर आले तेव्हा बायका जमल्या. ज्यांनी माझ्याबरोबर ठाण्यात दोन दिवस उन्हात बसून काढले होते त्याच बायका. आणि पहिला प्रश्न आला, "कुठे गेली होतीस गं? तुझ्या मर्जीने गेली का?" खरं सांगायचं तर वाटेत गाडीत मीही तिला जवळपास तेच विचारलं होतं, जरा शिकलेल्या भाषेत. ती खिडकीबाहेर बघत बसली. वाडीवर तिची आई पुढे झाली आणि म्हणाली, "आधी जेवू दे तिला."

इथे चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. आपण दरवर्षी ते घेतो. त्याच्या समाजातली पोर हरवते तेव्हा ठाण्याच्या वहीत तिचं नाव चढायला तीन दिवस लागतात. काल संध्याकाळी स्मारकापाशी उभी असताना हे मनात आलं, म्हणून सांगितलं.

आपला हा पट्टा आता झपाट्याने बदलतोय. बंदर झालं, गोदामं झाली, २०२४ च्या जानेवारीपासून लोकल उरणपर्यंत येते. कामाला माणसं येतात, पोरांसकट येतात, आणि दिवसभर ती पोरं कुणाच्या नजरेत असतात हे त्या आयांनाही सांगता येत नाही. दिवाळीनंतर भट्ट्या लागतील. त्याआधी प्रत्येक मंडळाने आपल्या वाडी-वस्तीतल्या पोरांचा एकेकट्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवायचाय. फोटोमागे नाव, वय, अंगावरची खूण, आणि दोन शेजाऱ्यांचे नंबर. भट्टीवर जाताना मुकादमाचं नाव-गाव वहीत. १०९८ हा नंबर पोरांना तोंडपाठ.

जेवणानंतर आपण तीन-तीनच्या गटात बसू. एकीने आई व्हायचं, एकीने ठाणे अंमलदार, एकीने कार्यकर्ती. कोरे कागद मागच्या टेबलावर आहेत. अंमलदार होणाऱ्यांनी दयामाया दाखवू नये.