लोककथेची साक्ष



दिवाळी सरली, हलक्या धानाची कापणी आटोपली आणि गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागल्या, म्हणजे झाडीपट्टीतील माणूस अंगावर शाल ओढून रात्रभर नाटकाच्या मंडपात बसतो, आणि वडशाच्या नाटकमंडळ्या त्याच्यापुढे जे उभे करतात त्यात फसलेले प्रेम असते, लाटलेली जमीन असते, खून असतो आणि खुनाचा छडाही असतो. रहस्य, प्रणय आणि अपराध यांची अशी गुंफण पहाटेपर्यंत तन्मयतेने पाहणारा रसिक ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, त्या भूमीची छाया मराठी रहस्यकादंबरीवर फारशी पडलेली नाही, ही गोष्ट मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आली आहे. म्हणून साहित्याच्या सर्व प्रांतांचा धावता आढावा घेण्याची अध्यक्षीय रीत बाजूस ठेवून, गावाची रहस्यकादंबरी या एकाच विषयावर आज मी बोलणार आहे.

मराठीत रहस्यकथेची परंपरा क्षीण नाही. बाबूराव अर्नाळकरांनी सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्या झुंजार व धनंजय या नायकांनी वाचनाची गोडी लावली नसती, तर गंभीर म्हणविणाऱ्या अनेक ग्रंथांनाही वाचक लाभला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु त्या कथांचे जग मुख्यतः महानगराचे. तेथे माणूस माणसास अपरिचित असतो, खुनी गर्दीत मिसळून जातो, आणि त्याला गर्दीतून वेगळे काढणे एवढेच अन्वेषकाचे कार्य असते. दीडशे उंबऱ्यांच्या गावात ही रचना जशीच्या तशी नेली तर ती कोलमडते. कोणाची बैलगाडी रात्री कोणत्या पांदीतून गेली, कोणाच्या घरी कंदील उशिरापर्यंत जळत होता, तलावाच्या पाळीवर कोण कोणाशी बोलत उभे होते, हे गावाला ठाऊक असते. पोलीस पाटील खबर देतो, पंच जमतात, पंचनामा होतो, जबान्या नोंदविल्या जातात, आणि सारे जाणणारे गाव एकमुखाने सांगते की आम्ही काही पाहिले नाही. अपराधी कोण, हा शहरातील कथेचा प्रश्न. गाव गप्प का, हा आपल्या कथेचा प्रश्न आहे, आणि तो अधिक खोल आहे, कारण त्याच्या उत्तरात एक माणूस सापडत नाही, सबंध गावाचे परस्परांवरील ऋण, भय आणि लज्जा सापडतात.

या मौनाची कारणे शोधावयाची तर प्रथम दफ्तराकडे वळले पाहिजे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा पूर्वी मध्यप्रांताच्या अंमलाखाली होता, आणि त्या अंमलातील महसुली बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दस्तऐवजात लिहिल्या गेल्या. तलावाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, जंगलातून लाकूड कोणी आणावयाचे, गुरे कोठे चारावयाची, हे त्यात नमूद असे. 1951 साली मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपुष्टात आली, आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा होऊन लोकांच्या तोंडी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. ज्या पाण्यावर एका घराण्याचा शब्द चालत होता त्या पाण्यावर आता कोणाचा शब्द चालावा, या एका प्रश्नात भाऊबंदकी, जुनी कर्जे, मोडलेल्या सोयरिकी आणि अपुरे राहिलेले सूड इतके साठलेले आहेत, की कादंबरीकाराने कल्पित कारस्थान रचण्याचे कष्टच घेऊ नयेत. धानाच्या बांधीला ऐन गर्भात पाणी मिळाले नाही तर वर्ष बुडते. ज्याच्या हाती पाण्याचे तोंड असते त्याच्या हाती शेजाऱ्याचे वर्ष असते, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो.

आता लोककथेकडे येतो, कारण आजच्या भाषणाचे मर्म तेथे आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला अशी परंपरा आहे. लोकांनी त्यांना कोलासूर देव म्हणून पूज्य मानले, आणि भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी हे नाव देऊन, त्या बहिणींनी बांधास साहाय्य केले असे सांगितले. येथे बांधणारा देव झाला. परंतु बांध ठरत नाही म्हणून कोणा लेकीसुनेचा बळी द्यावा लागला, अशाही कथा महाराष्ट्रात अनेक जलाशयांच्या काठी ऐकू येतात. अशी कथा ऐकून जो लेखक केवळ रोमांचित होतो आणि अमावास्येच्या रात्री पाण्यातून एक हात वर आणून प्रकरण संपवितो, त्याने हाती आलेला साक्षीदार न तपासताच परत पाठविला. ती सून कोणाची होती? तिला माहेर होते की नव्हते? तिच्या पश्चात बांधाखालची जमीन कोणाच्या नावे लागली? लोककथा ही गावाची जबानी आहे. उघड उच्चारता येत नाही ते देवाच्या, भुताच्या, बहिणींच्या नावे उच्चारण्याची सोय समाजाने तिच्यात करून ठेवलेली असते; आणि साक्षीदाराप्रमाणे तिचीही उलटतपासणी करावी लागते, मात्र तिच्याविषयीचा आदर क्षणभरही न सोडता.

कॉनन डॉयल यांनी 1901-02 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कादंबरीत हेच वर्म ओळखले होते. घराण्याच्या मागे लागलेल्या श्वापदाची दंतकथा तेथे एक वारसच आपल्या लोभाचे आच्छादन म्हणून वापरतो. रचना अप्रतिम आहे. तरीही मला तीत एक उणीव भासते, ती अशी की खुनी सापडताच दंतकथा निरर्थक होऊन गळून पडते. आपल्याकडे तसे होता कामा नये. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीत श्रद्धा आणि अपराधभावना एकमेकींत अशा विणलेल्या आहेत की एकीचा धागा ओढला तर दुसरीही उसवते. ती रहस्यकादंबरी नव्हे, पण रहस्यकादंबरीकाराने ती पुन्हापुन्हा वाचावी.

सालेकसा तालुक्यातील कचारगडाचा विचार करा. माघ पौर्णिमेस दूरदूरच्या प्रांतांतून गोंड बांधव त्या गुहेपाशी येतात. गुहेत कोंडलेली कली कंकालीची लेकरे, मुखावर लोटलेली शिळा, त्यांच्या सुटकेसाठी झटणारा पारी कुपार लिंगो, आणि संगीताच्या सामर्थ्याने शिळा हलविताना प्राणास मुकलेला हिरासुका, अशी ती परंपरेची कथा आहे. बंदिवास, शोध, मुक्ती आणि मुक्तीसाठी मोजलेले मोल: रहस्यकथेची सारी अंगे तीत आहेत. परंतु ती एका समाजाची पवित्र उत्पत्तिकथा आहे, कोणाच्या कादंबरीची भयावह पार्श्वभूमी नव्हे. तिला स्पर्श करण्यापूर्वी लेखकाने त्या यात्रेत पायी चालावे, तेथील जाणत्यांच्या पायाशी बसून ऐकावे. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या वास्तव्यात रानातील माणसांकडून ज्या नम्रतेने शब्द आणि कथा गोळा केल्या, तो आदर्श आपल्या समोरच आहे.

प्रणयाविषयी थोडेच सांगतो. अशा कादंबरीत प्रेम हे वाचकास विसावा म्हणून घालू नये. सारे गाव ज्या कारणांनी गप्प असते, त्यांहून प्रबळ कारण ज्याच्याजवळ असेल तोच बोलू शकतो, आणि प्रियजनाचा संशयास्पद मृत्यू हे असे कारण आहे. रोवणीच्या चिखलात जुळलेले, जातीच्या वा पाण्याच्या सीमेपलीकडचे नाते हेच मौन फोडणारे पहिले हत्यार ठरते. म्हणून पोलीस ठाण्याच्या अंमलदाराहून त्या विरही माणसालाच मी या कादंबरीचा खरा अन्वेषक मानतो.

एका गोष्टीविषयी मात्र मी आग्रही आहे. करणी केली, मूठ मारली असा बोभाटा करून एकाकी वृद्धेला वा विधवेला गावाने छळल्याच्या घटना आपल्या प्रदेशाला अपरिचित नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागे कितीएक वर्षांचा लढा होता. ज्या कादंबरीत अखेरीस ती वृद्धा खरोखरच चेटकीण निघते, ती कादंबरी त्या छळात सामील होते. तिच्यावर बालंट कोणी रचले, तिच्या अर्ध्या एकर बांधीवर कोणाची दृष्टी होती, हा तपास लेखकाने तडीस न्यावा.

आणि या साऱ्यांच्या जबान्या झाडीबोलीत लिहाव्यात. ठाण्यात सांगणारा ‘डोरा’ म्हणतो, कागदावर ‘डोळा’ उतरतो. त्या प्रमाणित कागदावर सांगणाऱ्याचा कापणारा आवाज, मध्येच घेतलेला श्वास, गाळलेले नाव उतरत नाही. तपासाचा खरा दुवा पुष्कळदा त्या गाळलेल्या नावातच असतो, आणि डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी ज्या बोलीचा आयुष्यभर कैवार घेतला, ती बोली ज्यांच्या घरात नांदते असे तरुण लेखक आज या मंडपात बसले आहेत. मंडईच्या रात्री नाटकापुढे बसणाऱ्या आपल्या माणसांकरिता ही कादंबरी त्यांनी लिहावी, आणि लिहिण्यापूर्वी तहसील कचेरीतील जुनी वाजिब-उल-अर्ज मागवून वाचावी, एवढी मी त्यांना विनंती करतो.