तरुण हृदयाचा ताल आणि त्याची नोंद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीत झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



हृदयावर बोला म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाने बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलवर बोलावं अशी अपेक्षा असते. ते आम्ही कट्ट्यावर रोज बोलतोच. आज मी वीस ते पस्तीस वयाच्या आपल्या मुलामुलींबद्दल बोलणार आहे. त्यांच्यातल्या काहींच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, झडपा ठीक असतात, बिघडलेला असतो तो फक्त ठोक्यांचा ताल.

हृदय स्वतःच्या विजेवर चालतं. उजव्या वरच्या कप्प्यातून सूचना निघते आणि ठरलेल्या वाटेने खाली जाते. शांत बसलेल्या माणसाचे ठोके साधारण 60 ते 100 असतात. काहींना जन्मतःच विजेची एक जादा वाट असते. एखाद्या दिवशी वीज त्या वाटेने गोल फिरू लागते आणि ठोके एकदम 150 च्या वर, कधी 200 पर्यंत जातात. डॉक्टर याला एसव्हीटी म्हणतात.

माझ्या पुतणीला हा त्रास चोविसाव्या वर्षी सुरू झाला. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, असा तिचा रोजचा प्रवास. गर्दीत उभी असताना छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. उतरून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल. असं तीनदा झालं. मग घरात आणि शेजारीपाजारी निदानं सुरू झाली. टेन्शन घेतेस, जेवत नाहीस, मोबाईल फार बघतेस, लग्न झालं की थांबेल!

मी बँकेत जन्म काढला. कॅश टॅली झाल्यावर तपासणीला येणाऱ्याला फरक सापडणार कसा? फरक असतानाच तपासायला हवा. पुढे एका डॉक्टरांनी तिला नेमका प्रश्न विचारला, "धडधड हळूहळू वाढते, की बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते?" तणावाची धडधड बहुधा चढत जाते आणि ओसरत जाते. बटणासारखी असेल तर विजेचा संशय घ्यावा. त्यांनी 24 तासांचा होल्टर लावला. छातीला पट्ट्या, कमरेला छोटं यंत्र. नेमका त्या दिवशी त्रास झाला नाही. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी जवळच्या कुठल्याही रुग्णालयात जा आणि धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घे. दोन महिन्यांनी ठाणे स्टेशनवर त्रास झाला आणि एका मैत्रिणीने तिला रिक्षाने नेलं. त्या कागदावर ठोके 190 होते. दोन वर्षांचा वाद त्या वीतभर कागदाने मिटवला.

पुढे तिची अ‍ॅब्लेशन झाली. जांघेतल्या शिरेतून बारीक तार नेऊन ती जादा वाट उष्णतेने बंद करतात, छाती उघडावी लागत नाही. एसव्हीटीमध्ये शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना याचा गुण येतो. काहींना गोळ्या पुरतात. झटका आल्यावर श्वास रोखून जोर करण्याची एक युक्तीही आहे, पण ती डॉक्टरांकडून शिकूनच करावी.

आता नाजूक गोष्ट. तिचं स्थळ बघायला लागल्यावर नातेवाईक म्हणाले, "सांगायची काय गरज? आता बरी आहे ना?" ती मला म्हणाली, "काका, मी आजारी नाही, पण लपवणारही नाही." कांदेपोहे चालू असतानाच तिने सांगून टाकलं. एका घरातून पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या घरातल्या मुलाने फाइल वाचली, तिच्याबरोबर डॉक्टरांना भेटायला गेला आणि शंका विचारून आला. तोच आज आमचा जावई आहे. सुनेच्या किंवा जावयाच्या फाइलमध्ये असा कागद दिसला तर आपणही आधी डॉक्टरांना विचारावं, मग मत बनवावं.

सगळेच बिघाड एवढे सौम्य नसतात. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं. वय 25. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर तसाच कोसळला. वय 29. तिथे लगेच छाती दाबली गेली, विजेचा शॉक दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. छातीत आयसीडी हे छोटं यंत्र बसवून तो 2022 मध्ये पुन्हा खेळू लागला आणि 2024 च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला. यंत्र बसवलं म्हणजे आयुष्य संपलं, असं नाही.

म्हणून आईवडिलांना सांगतो. पळताना किंवा खेळताना चक्कर येऊन मूल पडलं, धडधडीबरोबर शुद्ध हरपली, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर "उन्हाने झालं" म्हणून सोडू नका. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. मुलांनो, तुम्हीही रात्रीची जागरणं आणि एनर्जी ड्रिंक आवरा. कुठलंही नवीन औषध घेण्यापूर्वी आपला त्रास डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनी ताल बिघडतो.

कमिटीला एकच विनंती. रोषणाईबरोबर या वर्षी सीपीआरचं एक शिबिर ठेवा. माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही, असं दिसलं तर एकाने 108 ला फोन करायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोराने दाबत राहायचं. आपल्या वॉचमनलाही शिकवा, कारण गेटवर सर्वात आधी तोच धावतो. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग सगळ्याची सोय केली, एवढी एक राहिली आहे.