फिल्टर बदलला आणि इंजिन रुसलं

मी छत्रपती संभाजीनगरहून बोलतोय आणि आजचा भाग आहे बोटीच्या डिझेल इंजिनावर. हसू नका. आपल्याकडे समुद्र नाही, पण विहिरीवरचं इंजिन आणि ट्रॅक्टर तर आहे ना? दुखणं तेच, औषधही तेच.

तर, 31 जुलैची रात्र. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत बोटींची दुरुस्ती होते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून माझ्या कॉलेजच्या रूममेटचा व्हिडिओ कॉल आला. घरची बोट. बर्फ भरलेला, खलाशी आलेले, पहाटे निघायचं, आणि इंजिन सुरूच होईना.

"अरे, मे महिन्यात एका झटक्यात चालू होत होतं. आता टाकी धुतली, दोन्ही फिल्टर नवे टाकले. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाही."

मी म्हटलं, "आधी स्टार्टर मारणं थांबव. बॅटरी संपली तर सगळंच संपलं."

पहिला नियम हाच. काल चालणारं इंजिन कामानंतर बंद पडलं, तर ज्याला हात लावला तिथेच आधी बघा. इंजिन खोलायला धावू नका. डिझेलचं काम झालं असेल तर दहातल्या नऊ वेळा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. मेकॅनिक म्हणतात, "एअर घेतली."

हवेने एवढं काय बिघडतं? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंजेक्टर डिझेलचा फवारा मारतो. जुन्या पद्धतीचा इंजेक्टर साधारण 200 बार दाबाला उघडतो. बाइकच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, यावरून अंदाज घ्या. आता सुई काढलेली सिरिंज घ्या आणि तोंड बोटाने बंद करा. आत पाणी असेल तर दट्ट्या हलत नाही. हवा असेल तर सहज आत जातो. लाइनमध्ये नेमकं हेच होतं. पंप दाबतो, हवा दबते, इंजेक्टर उघडतच नाही.

मी विचारलं, "धूर येतोय का?" म्हणाला, "अजिबात नाही." म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नव्हतं. पांढरा धूर असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, असा अर्थ झाला असता.

मग सोप्या गोष्टी आधी. टाकीचा कॉक उघडा आहे? आहे. इंजिन बंद करायचा स्टॉप लिव्हर ओढलेला राहिला नाही ना? नाही. मग हवा काढायला सुरुवात, टाकीकडून इंजिनाकडे, याच क्रमाने. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाचा हँड प्रायमर मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग दुसरा फिल्टर, मग इंजेक्शन पंप. शेवटी इंजेक्टरकडचे नट अर्धा आटा सैल करून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर, आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती. डिझेल दिसलं की नट आवळायचे.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्या फवाऱ्यापुढे हात धरू नका, तो कातडी भेदून आत जातो. कॉमन रेल इंजिन असेल तर हे नट उघडूच नका, तिथे दाब 1000 बारच्या वर जातो. आणि ज्या बोटीत थंडाव्याचं खारं पाणी सायलेन्सरमधून बाहेर पडतं, तिथे खूप वेळ स्टार्टर मारायचा असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, नाहीतर पाणी उलटं इंजिनात जातं. इंजिन पकडलं की लगेच उघडा.

इंजिन पकडलं! तिकडे आरडाओरडा, इकडे मीही ओरडलो. दोन मिनिटांत पुन्हा बंद.

म्हणजे हवा अजून येत होती. मित्र म्हणाला, "पण कुठे थेंबही गळत नाहीये." तिथेच तर फसायला होतं! टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मी पहिला फिल्टर काढायला लावला. जुनं रबर वरच चिकटून राहिलेलं, त्यावर नवं बसवलेलं. जुनं काढलं, पुन्हा हवा काढली. यावेळी वीस मिनिटं चालू ठेवलं. बंद पडलं नाही. पहाटे बोट निघाली.

विचार करा, हीच बोट दोन मिनिटांऐवजी दोन तासांनी, ऑगस्टच्या खवळलेल्या समुद्रात बंद पडली असती तर? म्हणून डिझेलचं काम झालं की निघायच्या आदल्या दिवशी इंजिन लावून बघा, आणि पकडल्या पकडल्या टाळ्या वाजवू नका. वीस मिनिटं थांबा.

ज्यांच्या शेतावर इंजिन आहे त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.