आपला वाटा, भावाचा वाटा



पदवीदान समारंभात पाहुण्याने व्यासपीठावरून ‘धोका पत्करा’ असं सांगायचं, टाळ्या घ्यायच्या आणि गाडीत बसून निघून जायचं, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. सांगणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा चालू असतो. म्हणून मी जरा जपून बोलणार आहे. देवाचं काम म्हणून माणूस जोखीम उचलतो, तेव्हा तो नेमकं कोणाचं काय पणाला लावतो, एवढंच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

त्यासाठी लांब जायला नको. चाकण-तळेगाव रस्त्याने जाताना कंपन्यांच्या शेडमागे भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. खाली इंद्रायणीकाठी देहू. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारीही होती. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ आला आणि थोरली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. धंदा बसला. तरी लोकांकडे येणं बाकी होतं आणि त्याची कर्जखतं घरात होती. ती इंद्रायणीत बुडवायचं तुकोबांनी ठरवलं. इथपर्यंतची गोष्ट या मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढचा भाग आपण घाईने ओलांडतो. संतचरित्रकार महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात इथे धाकटा भाऊ कान्होबा आडवा येतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही विरक्त झालात, मला मुलंबाळं सांभाळायची आहेत. मग खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती गेला आणि तुकोबांनी फक्त आपला वाटा नदीत सोडला.

मला ही वाटणी खतं बुडवण्याइतकीच मोठी वाटते. भरात आलेला माणूस सगळंच बुडवतो आणि वर भावाला अश्रद्ध ठरवतो. तुकोबांनी आधी हिशेब केला, मग पाण्यात हात घातला. दुष्काळात नागवलेली कुळं सुटली आणि त्याची किंमत ज्याची श्रद्धा होती त्यानेच मोजली.

त्यानेच? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कान्होबाला वाटा मिळाला. तुकोबांच्या दुसऱ्या बायकोला, जिजाईला, कोणी विचारल्याचं काही वाचनात नाही. चूल मात्र तिलाच पेटवायची होती. कीर्तनात तिला कजाग म्हणून हशा पिकवतात, तो मला कधीच आवडला नाही. माझ्या मते त्या घरातली निम्मी जोखीम तिने उचलली होती, आणि तीही न विचारता तिच्या डोक्यावर आलेली.

तुकोबांच्या सोबतच्या मंडळींत चाकणचे संताजी जगनाडे होते. जातीने तेली, घरचा धंदा घाण्याचा. तुकोबांनी अभंग रचू नयेत, असं शास्त्राच्या नावाने बजावलं जात होतं, त्या काळात हा माणूस ते अभंग उतरवून घेत होता. पुढे वि. ल. भाव्यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा छापली. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तुमच्यातले कित्येक जण रोज शिफ्टला जाताना त्या फाट्यावरून जातील.

दुसरं नाव आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावचं, पंडिता रमाबाईंचं. त्यांचं ख्रिस्ती होणं अनेकांना तेव्हा पटलं नाही, आजही पटत नसेल. तो वाद आज बाजूला ठेवू. विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. अशा वेळी, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, शेकड्यांनी. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी अशाच दुष्काळात गमावली होती, त्यामुळे आपण काय अंगावर घेतोय हे त्यांना पुरेपूर कळत होतं. पुण्यात प्लेग, मुलींना शहरात ठेवायला मनाई. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेलं, आधी तंबूत आणि झोपड्यांत. पैसा देव देईल असं त्या म्हणत. पण ते शेत त्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं होतं, तिथे फळझाडं लावली होती. पुढे विहिरी झाल्या, छापखाना झाला आणि मुलीच खिळे जुळवू लागल्या. प्रार्थना करणाऱ्या बाईने उत्पन्नाची सोयही बघितली. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही.

आता तुमच्याविषयी. तुमच्यातले बरेच जण निघोजे, महाळुंगे, भोसरीच्या शेडमध्ये सुपरवायझर किंवा ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागतील. एखाद्या रात्रपाळीला उत्पादन मागे पडलेलं असेल आणि वरून सांगितलं जाईल, प्रेसचा सेफ्टी सेन्सर बायपास कर, सकाळी बघू. त्या प्रेसवर लातूर-नांदेडकडचा नाहीतर बिहारचा एक कंत्राटी पोरगा उभा असेल. पॉवर प्रेसवर बोटं कशी जातात हे या पट्ट्यात कोणाला सांगायची गरज नाही. टार्गेटसाठी सेन्सर काढणं यालाही धाडसच म्हणतात, पण तिथे नदीत टाकलेला वाटा त्या पोराचा असतो. ‘सेन्सर चालू झाल्याशिवाय प्रेस चालणार नाही’ म्हणणारा इंजिनिअर आपलं प्रोबेशन, आपलं अप्रेझल पणाला लावतो. तुम्ही विठ्ठल म्हणा, येशू म्हणा, अल्ला म्हणा, नाहीतर बुद्धाला शरण जा. माझ्या लेखी देवाचं काम त्या क्षणी त्या मशीनपाशी असतं.

मात्र हे घरी आधी बोलून ठेवा. पालक इथे बसले आहेत. घराचा हप्ता, बहिणीची फी, आईची औषधं तुमच्या पगारावर असतील, तर नोकरी पणाला लावताना त्यांचाही वाटा त्यात जातो. त्यांना विचारा. चार महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोटारसायकल घेऊ नका, म्हणजे ‘नाही’ म्हणायची ताकद राहील. आणि पालकांनो, पोरगं एखाद्या दिवशी असं काही करून घरी आलं, तर त्याला आधी जेवायला वाढा, नोकरीचं नंतर विचारा.

पदवीबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. सोमवारी कामावर रुजू होणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या लाइनवरचे सगळे सेन्सर चालू आहेत का, ते स्वतः तपासावं, एवढी विनंती.