चाकू बनवून घेतलात, आता तो नेणार कसा?

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही किंवा घणसोलीनंतर ज्यांचं नेट जातं, त्यांच्यासाठी. बोलतानाचे "म्हणजे कसं की" आणि खोकले काढून टाकलेत, बाकी जवळपास जसं बोललो तसंच आहे.

तर झालं असं, की मी बनवून घेतलेल्या चाकूचा फोटो स्टोरीला टाकला आणि इनबॉक्स भरला. दादा, स्टील कुठलं? दादा, कितीला पडला? दादा, मलाही असाच पाहिजे, पण जरा मोठा. या सगळ्यात एका पोराचा मेसेज वेगळा होता. त्याने विचारलं, "हा तुम्ही ट्रेनने घेऊन जाता का? कोणी बॅग चेक केली तर?" बाकीच्यांना चाकू पाहिजे होता. याने तो घेतल्यानंतरचा विचार केला होता. आजचा एपिसोड मुख्यतः त्याच्या प्रश्नावर आहे. पण स्टीलवाल्यांनाही उपाशी ठेवत नाही, आधी त्यांचं उरकू.

मी रबाळ्यात राहतो. स्टेशनच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे एमआयडीसी आणि तिच्या मागे पारसिकचा डोंगर. माझं काम कोडिंगचं, पण एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यांमध्ये खरी इंजिनियरिंग चालते असं माझं प्रामाणिक मत आहे. डाय, पंच, जिग बनवणारे हे लोक. त्यांना तुम्ही "ओ-वन टूल स्टील" म्हणालात तर ते तुमच्याकडे बघत बसतील. त्यांच्याकडे त्याचं नाव ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक करायचं आणि फारसं न आकसणारं स्टील. यूट्यूबवर ज्याला डी-टू म्हणतात, त्या जातीच्या स्टीलला इथे एचसीएचसी म्हणतात, कार्बन जास्त, क्रोमियम जास्त. परदेशातले नाइफमेकर ज्या पट्ट्या कौतुकाने दाखवतात, तशा आपल्याकडे पंच बनवून उरलेल्या तुकड्यांत मिळतात.

माझा चाकू ओएचएनएसचा आहे. पातं चार इंचाला थोडं कमी. पातं आणि मुठीच्या आतली पट्टी एकाच तुकड्यातली, म्हणजे फुल टँग. मुठीच्या पिनांची भोकं हार्डनिंगच्या आधी पाडून घ्यायची, नंतर साधा ड्रिल चालत नाही. मग साधारण ८०० अंशांना तापवून तेलात विझवायचं. त्या अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर तुटू शकतं. म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोनेक तास टेंपरिंग. कडकपणा थोडा जातो, चिवटपणा येतो. त्यानंतर धार काढताना ग्राइंडरवर पातं निळं पडू द्यायचं नाही. निळा रंग म्हणजे जवळपास ३०० अंश, म्हणजे केलेलं टेंपरिंग त्या जागी वाया. माझं काम करणारे काका हातमोजा न घालता पातं धरतात. बोटाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवायचं. थर्मामीटरची गरज नाही.

एक तोटा सांगतो. हे स्टील गंजतं. कोकणातल्या पावसात तर एका रात्रीत तपकिरी ठिपके दिसतात. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की भागतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

झालं स्टील. आता हिशोब ऐका. वर्षात मी हा चाकू फार तर बारा वेळा बाहेर नेतो. प्रत्येक वेळी तो उघडा किती? दोरी कापली, कांदा चिरला, चुलीसाठी ढलप्या काढल्या, समजा वीस मिनिटं. झाले वर्षाचे चार तास. वर्षात ८,७६० तास असतात. उरलेले ८,७५६ तास हा चाकू काहीही कापत नाही. तो कपाटात असतो, बॅगेत असतो, कमरेला असतो. आणि आपण सगळी चर्चा कशाची करतो? त्या चार तासांची.

म्हणून काकांनी पात्याचे पैसे सांगितले तेव्हा मी आधी म्यानाचं विचारलं.

हा विचार आपल्याकडे नवा नाही बरं का. कोकणात माडावर चढणारा पाडेली बघा. कमरेला मागच्या बाजूला दोरीने बांधलेली लाकडाची आकडी असते, तिच्यात कोयती अडकवलेली. दोन्ही हात मोकळे, धार अंगापासून लांब, आणि वर पोचल्यावर न बघता हात मागे नेला की मूठ हातात. इतका साधा लाकडाचा तुकडा आहे तो. पण माणूस चाळीस-पन्नास फुटांवर धारदार लोखंड घेऊन चढतोय आणि त्याचं लक्ष फक्त माडाकडे आहे, हे काम त्या आकडीचं आहे. घरातली विळीसुद्धा तशीच. काम झालं की ती आडवी करायची, पातं भिंतीकडे. माझी आजी याबाबतीत एखाद्या सेफ्टी ऑफिसरपेक्षा कडक होती.

आता आपलं म्यान. चामड्याचं छान दिसतं, आवाज करत नाही, पण ओल धरून ठेवतं. त्यामुळे पावसाळ्यात त्यात कार्बन स्टील मुक्कामाला ठेवायचं नाही, घरी आल्यावर चाकू वेगळा आणि म्यान वेगळं. कायडेक्स म्हणजे गरम करून पात्याभोवती दाबून बसवलेलं प्लॅस्टिक. पाणी लागत नाही, पण आत वाळूचे कण गेले की पात्यावर ओरखडे येतात, म्हणून टोकाशी पाणी निघायला भोक हवं. कुठलंही घ्या, चाचणी एकच. चाकू म्यानात घाला, खाली गादी ठेवा, म्यान उलटं धरा आणि जोरात हलवा. पडला? मग ते म्यान नाही, कव्हर आहे. परत द्या. दुसरं म्हणजे टोक. बॅग दगडावर आपटली तर टोक म्यान फाडून बाहेर येता कामा नये. चामड्याच्या म्यानात शिवणीच्या आत चामड्याचीच एक जाड पट्टी असते, धार तिच्यावर टेकते, दोऱ्यावर नाही. ती आहे का, बोटाने दाबून बघा.

नेताना माझी जागा ठरलेली आहे. घरापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत चाकू बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत. बाहेरच्या कप्प्यात नाही, कमरेला नाही, गळ्यात तर नाहीच नाही. कमरेला लावायचाच तर मुक्कामावर पोचल्यावर. कातळटप्पा चढताना पोटाशी किंवा मांडीशी ताठ वस्तू नको, घसरलात तर तीच आधी अंगात घुसते. उघडा चाकू हातात घेऊन चालायचं नाही, दोन पावलंसुद्धा नाही. दुसऱ्याला द्यायचा तर हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. आणि बसून मांडीवर धरून काही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. तिथे कापलं गेलं तर गडावरून खाली न्यायला वेळ पुरत नाही. कोणाला कापलंच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, "थांबलं का" म्हणून दर मिनिटाला उघडून बघू नका, आणि १०८ ला फोन लावा.

आता त्या पोराचा खरा प्रश्न. मी वकील नाही, पण डॉक्युमेंटेशन वाचायची सवय आहे, म्हणून कायदा काढून वाचला.

तुम्ही ऐकलेलं असेल की नऊ इंचांपर्यंतचा चाकू चालतो. हे अर्धवट खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांचा एक वर्ग आहे. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. म्हणून विळी आणि शेतातला कोयता त्यातून सुटतात. इथपर्यंत वाचून इंजिनियर लोक खूश होतात. म्हणतात, पावणेनऊ इंचांचा बनवतो, विषय संपला!

विषय संपत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. त्याचं कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांसाठी हत्यारं बाळगायला बंदी घालू शकतात. पेपरात सणासुदीला, निवडणुकीला "मनाई आदेश लागू" अशी छोटी बातमी येते ना, तीच ही. त्या कलमात तलवारी, भाले यांच्याबरोबर चाकू आणि लाठ्याकाठ्याही आहेत. आणि इंचांचा उल्लेखच नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शुक्रवारी रात्री ट्रेकला निघताना ट्रेनचं वेळापत्रक बघता, तसं हेही बघायचं. आदेश चालू असेल तर चाकू घरी. वाद नाही.

आणि आता जे बहुतेक ट्रेकर्सना माहीत नसतं ते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शस्त्र" या शब्दाची व्याख्या आहे. त्यात बंदुकीबरोबर, फासे आणि सापळ्यांबरोबर चाकूही स्पष्ट लिहिलेला आहे. आणि कलम ३१ म्हणतं, लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं नाही. आता नकाशा आठवा. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई, अभयारण्यात. भीमाशंकर, अभयारण्य. आपल्या शेजारचा कर्नाळा किल्ला, पक्षी अभयारण्यात. म्हणजे ज्या फोटोंखाली आपण "परफेक्ट ट्रेक नाइफ" लिहितो, त्यातल्या कित्येक जागी तो चाकू कायद्याच्या नजरेत शिकाऱ्याचं हत्यार आहे. वनरक्षक तुमच्या कांदा चिरायच्या सुरीवरून भांडेल असं मी म्हणत नाही. पण भांडला तर त्याची बाजू कागदावर आहे, तुमची नाही. हरिश्चंद्रगडाला मी चाकू नेत नाही. कांदा घरून चिरून डब्यात नेतो. आणि खरं सांगू का, पाचनई काय, खिरेश्वर काय, गावात गरम पिठलं-भाकरी मिळते. चिरायचंय काय तुम्हाला?

माझा चाकू कुठे चालतो, तर गावी, ओळखीच्यांच्या शेतावर आणि मालकाची परवानगी असलेल्या कॅम्पवर. विमानाने जात असाल तर केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये, म्यानात. मेट्रोत आणि मॉलमध्ये तर नाहीच.

दुसरा एक प्रश्न सारखा येतो, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. "दादा, रात्री एकटा येतो, डिकीत सेफ्टीसाठी ठेवला तर?"

नको. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये शस्त्र म्हणजे काय हे लिहिताना हल्ल्यासाठी आणि बचावासाठी असे दोन्ही शब्द एकाच वाक्यात घेतलेत. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू बाहेर ठेवल्यात. तुम्ही नाकाबंदीत पोलिसांना "सेल्फ डिफेन्ससाठी आहे" म्हणालात, म्हणजे ते शस्त्र आहे हे तुम्हीच तुमच्या तोंडाने सांगितलंत. दोन्ही बाजूंना धार असलेला, काळा रंग मारलेला "टॅक्टिकल" चाकू असेल तर कांद्याचं कारणही कोणी ऐकणार नाही. मी बनवून देणाऱ्यांना नेहमी सांगतो, एकच धार, साधी लाकडी मूठ, पुढे बोट घसरू नये म्हणून छोटा उंचवटा. बघणाऱ्याला कामाची वस्तू वाटली पाहिजे.

कायद्याचं सोडा, काळ बघा. पुण्यात कोयता गँग हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. २०२३ च्या सुरुवातीला तिथे कोयता विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगण्यात आलं. त्याच वर्षी जूनमध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला, आणि तिला वाचवायला धावलेल्या पोरांच्या हातात काहीच नव्हतं. नुसतेच हात होते. ज्या कोयत्याने ऊस तोडला जातो, नारळ उतरवला जातो, त्याचं नाव घेतलं की शहरातला माणूस आता दचकतो. रीलमध्ये चाकू फिरवून गाणं लावणाऱ्यांपैकी काही जण माझे फॉलोअर आहेत, मला माहीत आहे. त्यांनी मला स्टीलचं विचारू नये. मी उत्तर देणार नाही.

बाकीच्यांनी जरूर विचारा. धार लावायचा दगड कुठला घ्यावा यावर बरेच मेसेज आहेत, ते पुढच्या एपिसोडला घेतो. तोपर्यंत ज्यांच्याकडे चामड्याचं म्यान आहे त्यांनी आजच चाकू बाहेर काढा, पुसा, तेल लावा आणि कोरड्या कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा, घरातल्या लहानांचा हात पोचणार नाही अशा जागी. पाऊस यायला फार दिवस नाहीत. चला, भेटू.